दंडाच्या मापाचा पट्टा

यशस्विनीचा दंड हा त्यांच्या घरात कायमचा चर्चेचा विषय होता. आईला त्याची काळजी, आत्याला कौतुक आणि कोपऱ्यावरच्या शिंप्याला वैताग. ब्लाउज शिवायला टाकला की तो दंडाला टेप लावायचा, आकडा बघायचा, आपलंच चुकलं असेल म्हणून पुन्हा लावायचा आणि मग हळूच म्हणायचा, "अम्मा, बाह्यांना थोडं जास्तीचं कापड लागेल हं." आई रस्ताभर गप्प राहायची. घरी आल्यावर मात्र तिला राहवायचं नाही.

"मुलीच्या जातीला इतका दंड! उद्या कोणी बघायला आलं तर काय शाल पांघरून बसवू हिला?"

"बसव की," शकुंतलाबाई आत्या म्हणायची. "मग शाल काढू, आणि काय पळतात ते बघू."

वडील मनोहरराव शहर बसच्या डेपोत मेकॅनिक होते. ते या वादात कधी पडत नसत. पण गॅसचा सिलिंडर बदलायचा असो की पाण्याच्या टाकीचं झाकण उघडायचं असो, म्हैसूरमधल्या विजयनगरच्या त्या घरात एकच हाक ऐकू यायची, "यशू!"

हा दंड काही फुकट आलेला नव्हता. शाळेत असल्यापासून ती खंडोजीराव उस्तादांकडे कुस्ती शिकत होती. उस्तादांच्या गरडीत, म्हणजे तालमीत, लाल मातीवर बायकांनी पाय ठेवायचा नाही असा जुना नियम होता. उस्तादांनी तो मोडला नाही. "नियम मोडणारा मी कोण?" ते म्हणाले. "पण मागच्या शेडमध्ये माती कुठे आहे?" आणि शेडमध्ये मॅट अंथरून त्यांनी मुलींना शिकवायला सुरुवात केली. दोर चढणं, जोर, बैठका, जोडीदारणीला खांद्यावर घेऊन शेडभर फेऱ्या, सगळं मुलांसारखंच. दसऱ्याच्या कुस्त्यांत यशस्विनीने दोन वेळा बक्षीस आणलं तेव्हा गरडीतले म्हातारे पैलवानही मागच्या शेडमध्ये डोकावू लागले.

आपले पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या फौजेत होते, असं त्यांच्या नात्यातले सगळेच सांगत. लग्नकार्यात चार म्हातारे जमले की घोडे, भाले, लढाया निघायच्या. मधल्या पिढ्यांत मात्र कोणी कंडक्टर झालं, कोणी शिक्षिका, कोणी विमा एजंट. त्यामुळे बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षात असताना यशस्विनीने "मी मिलिटरी पोलिसात जाते" असं जाहीर केलं, तेव्हा घोड्यांच्या गोष्टी सांगणारेच सगळ्यात आधी गडबडले. मनोहरराव हातांचं ग्रीस रॉकेलने पुसत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "धावायचं किती असतं?"

"मैलभर."

"मग धाव की."

ती धावली. लेखी परीक्षा आधीच पास झाली होती. भरतीच्या मैदानावर धावण्यात ती पहिल्या गटात आली, लांब उडी सहज गेली, उंच उडीत तर दोरी कुठल्या कुठे खाली राहिली. नंबर छातीवर लावून उन्हात बसलेल्या मुलींमध्ये ती अगदी निवांत होती. आता राहिलं होतं मेडिकल. डोळे, कान, दात, पाय, सगळं ठीक. मग बीपी.

मेडिकलच्या तंबूत फार गर्दी होती. सकाळपासून मुलींची रांग हलत नव्हती आणि तपासणाऱ्या कॅप्टन मॅडमना पाणी प्यायलाही सवड मिळाली नव्हती. त्यांच्या मदतनीस बाईने यशस्विनीच्या दंडाला पट्टा गुंडाळला. पट्ट्याची दोन टोकं जेमतेम एकमेकांना टेकली. हवा भरायला लागली तोच चर्र आवाज झाला आणि पट्टा सुटून खाली पडला. मागच्या मुली फिसकन हसल्या. बाईने तो पुन्हा बांधला, या वेळी हाताने दाबून धरला, आणि आकडा आला एकशे अठ्ठेचाळीस, चौऱ्याण्णव.

"घाबरलीस का?" मॅडमनी विचारलं.

"नाही, मॅडम."

"बस जरा बाजूला. पाणी पी."

ती बसली, पाणी प्यायली, शांत श्वास घेतला. पुन्हा एकशे शेहेचाळीस. आणखी थोड्या वेळाने एकशे पन्नास. मॅडमनी कागदावर लिहिलं आणि समजुतीच्या सुरात सांगितलं, "बीपी जास्त आहे. सध्या अनफिट. पण घाबरू नकोस, बेंगळुरूच्या लष्करी रुग्णालयात तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवता येतं. मुदतीच्या आत जा."

घरी आल्यावर तिने चपला काढायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. मनोहरराव नुसतं "हं" म्हणाले आणि बाहेर जाऊन स्कूटर पुसत बसले. ती तर सकाळीच पुसली होती. आई एकदम मऊ झाली, इतकी की यशस्विनीलाच चमत्कारिक वाटलं. खरा आनंद झाला तो आत्याला.

शकुंतलाबाई रेशमाच्या कारखान्यात जन्मभर मागावर उभी राहिलेली बाई. नवरा गेल्यावर भावाकडे आली, कारखान्यातून निवृत्त झाली आणि मग भरपूर जाड झाली. बीपीची गोळी ती कित्येक वर्षं घेत होती. "अय्यो, आता आपण दोघी एकाच पंक्तीला!" ती म्हणाली. "मी एकटीच अळणी जेवायची. आता तू पण." मग भाचीचा चेहरा बघून तिने जीभ चावली. "अगं कणे, मजेने म्हटलं. नाही तर असं करू. बेंगळुरूला जाशील त्या दिवशी माझी अर्धी गोळी घे. कोणाला कळतंय?"

"नको, आत्या."

"का गं?"

"मला बीपी असेल तर ते लपवून मी बंदूक घेऊन कुठे उभी राहू? आणि नसेल तर गोळी कशाला?"

आत्याने गोळ्यांची डबी पदराखाली सरकवली.

दुसऱ्या दिवसापासून घराने यशस्विनीवर उपचार सुरू केले. ताकात मीठ बंद, लोणचं बंद, पापड बंद, सार म्हणजे नुसतं मिऱ्याचं पाणी. आईने सकाळी लसूण चावायला लावला. शेजारच्या वेदांतीण काकूंनी बीट सांगितलं, तर मनोहररावांच्या डेपोतल्या कोणी शेवग्याचा पाला. मनोहरराव एका मित्राकडून बीपीचं मशीन मागून घेऊन आले. ते रोज संध्याकाळी तिच्या दंडाला लावायचे. कधी मशीनवर नुसतंच मोजणी चुकल्याचं चिन्ह उमटायचं, कधी पट्टा सुटायचा, आणि आकडा आलाच तर एकशे चाळीसच्या वरच. एकदा एकशे बावन्न आला. मनोहररावांनी तो दाखवलासुद्धा नाही, नुसतं बटण बंद केलं.

पण तिला लागलं ते उस्तादांचं बोलणं. ती नेहमीसारखी सकाळी शेडमध्ये गेली, तर उस्तादांनी तिला मॅटच्या कडेलाच थांबवलं.

"बाप येऊन सांगून गेला," ते म्हणाले. "बीपी आहे म्हणे."

"मला काही होत नाही, उस्ताद. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही."

"बीपी काही सांगून येत नसतं. माझा भाऊ मॅटवर नव्हे, मातीवर पडला होता. उठलाच नाही." त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "डॉक्टर हो म्हणाला की ये. तोवर नाही."

ती पायऱ्यांवर बसून बाकीच्या मुलींच्या कुस्त्या बघत राहिली. मॅटवर पाय आपटल्याचे आवाज, उस्तादांचं ओरडणं, सगळं नेहमीचंच. फक्त आपण बाहेर. त्या काही दिवसांत तिला प्रथमच स्वतःच्या अंगाबद्दल शंका यायला लागली. जिना चढली की ती छातीवर हात ठेवून बघायची. कानात ठोके वाजतात का, ऐकायची. आणि मग स्वतःवरच चिडायची. जिना तर ती लहानपणापासून दोन दोन पायऱ्या टाकत चढत आली होती. हे अंग आपण इतकी वर्षं वापरतोय, त्यात काही बिघडलं तर बाहेरच्या मशीनच्या आधी आपल्याला कळणार नाही का? तिचं मन म्हणायचं, कळलं असतं. आकडे म्हणायचे, नाही. दोघांपैकी एक जण चुकत होता, आणि तो आपण नाही असं तिला मनापासून वाटत होतं. फक्त ते दाखवायचं कसं, हे सुचत नव्हतं.

आत्याची महिन्याची ठरलेली तपासणी आली तशी ती यशस्विनीला म्हणाली, "चल माझ्याबरोबर वेदवती डॉक्टरकडे. मला रिक्षातून उतरताना हात द्यायला कोणीतरी हवंच आहे."

डॉक्टर वेदवतींचा दवाखाना विजयनगरच्याच दुसऱ्या स्टेजला, म्हणजे वसाहतीच्या दुसऱ्या टप्प्यात, पाण्याच्या टाकीजवळ. बाई पन्नाशीच्या, चष्मा कायम कपाळावर. आत्याला खुर्चीत बसवून त्यांनी टेबलाचा खालचा खण उघडला आणि एक रुंद, लांबलचक पट्टा काढला. तो आत्याच्या दंडाभोवती ऐसपैस गुंडाळला गेला.

"एकशे बत्तीस, चौऱ्याऐंशी. छान आहे, शकुंतलाबाई. चकली कमी केलेली दिसते."

"चकली कुठली, घरात मीठच येत नाही आता. हिच्यापायी." आत्याने भाचीकडे हात केला. "हिचंही बघा ना जरा. मिलिटरीवाले म्हणतात बीपी आहे. या वयात!"

डॉक्टरांनी मोठा पट्टा सोडून टेबलावर ठेवला, भिंतीवरचा नेहमीचा पट्टा काढला आणि यशस्विनीच्या बाहीकडे वळल्या. बाही वर सरकवायला गेल्या, तर ती सरकेना. यशस्विनीने ओढणी बाजूला घेऊन बाही वर केली. डॉक्टरांनी पट्टा लावला. टोकं कशीबशी टेकली. त्या थांबल्या. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

"तू काय करतेस गं?"

"कुस्ती."

"आणि तिकडे तुझं बीपी कुठल्या पट्ट्याने बघितलं? असाच होता?"

"असाच. एकदा सुटूनही पडला. घरचं मशीन पण असंच सुटतं."

डॉक्टर हसायलाच लागल्या. त्यांनी खणातून टेप काढून तिचा दंड मोजला, मग गंमत म्हणून आत्याचाही मोजला. "शकुंतलाबाई, तुमचा आणि हिचा दंड एकाच मापाचा आहे. तुमचा चकलीचा, हिचा कुस्तीचा, एवढाच काय तो फरक." मग त्यांनी आत्याच्या दंडावरून काढलेला तोच मोठा पट्टा यशस्विनीला बांधला, तिला पाठ टेकवून बसायला सांगितलं, थोडा वेळ कोणालाही बोलू दिलं नाही, आणि हवा भरली.

"एकशे वीस, शहात्तर."

आत्या म्हणाली, "म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. ही तुमच्या माझ्यापेक्षा ठणठणीत आहे." डॉक्टर यशस्विनीकडे वळल्या. "हे बघ. जाड दंडाला आखूड पट्टा बांधला की आतली रक्तवाहिनी दाबायला जास्त हवा भरावी लागते. मशीन ती हवाच मोजतं. मग बीपी नसलं तरी जास्त दिसतं. पण मी एकदा बघून बोलणार नाही. आठवडाभर सकाळी येत जा."

आठवडाभर ती गेली. एकदा एकशे अठरा, एकदा एकशे चोवीस. पुढे कधी गेलंच नाही. शेवटच्या दिवशी तिने विचारलं, "डॉक्टर, तुम्ही चिठ्ठी द्याल?"

"देते. पण मिलिटरीचे डॉक्टर माझ्या चिठ्ठीवर तुला फिट करणार नाहीत, आणि करूही नये. ते स्वतः बघतील. तू फक्त एवढं कर, मोठा पट्टा माग. तोंड आहे ना तुला?"

"आहे."

"मग झालं तर."

त्याच सकाळी ती दवाखान्यातून थेट शेडवर गेली. उस्तादांनी सगळं ऐकलं, दोन बोटांनी तिचा दंड चाचपला आणि गंभीरपणे म्हणाले, "म्हणजे बीपी मीच दिलं होतं तुला." मग त्यांनी मॅटकडे मान केली. "उतर. इतके दिवस बसून गंजली असशील." त्या दिवशी तिने तीन जणींना पाठीवर टाकलं. चौथीने तिला टाकलं, तेव्हा ती खाली पडल्या पडल्या हसत होती.

बेंगळुरूला मनोहरराव बरोबर आले. पहाटेच्या बसमध्ये ते नेहमीप्रमाणे इंजिनचा आवाज ऐकत होते. "क्लच घसरतोय," मंड्याच्या अलीकडे ते म्हणाले. रामनगरच्या पुढे गेल्यावर त्यांनी मनातलं काढलं.

"यशू, एक सांगतो. तिथे मोठे अधिकारी असतात. त्यांना असं मोजा, तसं मोजा, हे सांगायला जाऊ नकोस. रागावले तर होतं ते पण जाईल."

"अप्पा, डेपोत नवा साहेब आला आणि चुकीच्या मापाचा पाना तुमच्या हातात दिला, तर तुम्ही काय करता?"

"बदलून मागतो."

"मग?"

"तो पाना असतो गं." म्हणत त्यांनी पुन्हा इंजिनकडे कान लावला.

रुग्णालयाच्या व्हरांड्यात बाकावर आणखी एक मुलगी बसली होती. पूजिता तिचं नाव, पिरियापट्टणजवळच्या गावातली. घरची तंबाखूची शेती. तीही बीपीसाठीच पाठवलेली होती. चण काटक, पण हात बर्फासारखे गार. ती सारखी उठून पाणी पिऊन येत होती.

"पट्टा बघितला की माझं काळीज इथे येतं," तिने गळ्यावर बोट ठेवून कन्नडमध्ये सांगितलं. "घरी अगदी बरोबर असतं."

"मग पट्ट्याकडे बघू नकोस. भिंतीकडे बघ."

"तुला भीती वाटत नाही?"

"वाटते. पण पट्ट्याची नाही. हिंदीत बोलायची."

पूजिता खुदकन हसली. त्या दोघींनी मग 'माझ्या दंडाला मोठा पट्टा लागेल' हे हिंदीत कसं म्हणायचं याची तालीम केली. पट्ट्याला हिंदीत पट्टाच म्हणतात की आणखी काही, हे दोघींनाही नक्की माहीत नव्हतं.

यशस्विनीचं नाव पुकारलं. खोलीत टेबलामागे मेजर मॅडम, केस आवळून बांधलेले, समोर कागदांची चळत. शेजारी एक जवान बीपीचं मशीन घेऊन उभा. त्याने तिला बसवलं आणि पट्टा बांधला. तोच नेहमीचा. टोकं जेमतेम टेकली.

"भैया," ती म्हणाली, "यह छोटा है. मेरा हात मोटा है. बड़ा पट्टा होना."

म्हैसूरची हिंदी ऐकून जवान गोंधळला. "यही है," तो म्हणाला आणि हवा भरली. "एक सौ छियालीस, बानवे, मॅडम."

मॅडमनी मान हलवली आणि पेन उचललं. त्या क्षणी यशस्विनीला वडिलांचे शब्द आठवले, नाही असं नाही. पण ती उभी राहिली. हात अंगाला सरळ चिकटवले आणि आपल्या त्याच हिंदीत, पण स्पष्ट आवाजात म्हणाली, "मॅडम, एक विनंती आहे. लिहायच्या आधी माझा दंड मोजावा. हा पट्टा माझ्या मापाचा नाही."

पेन थांबलं. जवान खिडकीबाहेर बघू लागला. मेजर मॅडमनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"माझ्या डॉक्टरांनी. माझी आत्या जाड आहे. तिच्या पट्ट्याने बघितलं की माझं बीपी एकशे वीस येतं. या पट्ट्याने एकशे पन्नास. मी औषध काही घेतलेलं नाही. तुम्ही स्वतः बघा, आणि मग जास्त आलं तर लिहा. मी काही बोलणार नाही."

"बाही वर कर."

तिने केली. मॅडम खुर्चीतून उठून टेबलाला वळसा घालून आल्या. त्यांनी पट्ट्याच्या आतल्या बाजूची माप दाखवणारी रेघ बघितली. टोक त्या रेघेच्या कितीतरी अलीकडेच संपत होतं. त्यांनी टेप मागवला, दंड मोजला, भुवया उंचावल्या.

"काय करतेस? वेटलिफ्टिंग?"

"कुस्ती, मॅडम."

"बरोबर आहे तुझं," त्या साधेपणाने म्हणाल्या, आणि जवानाकडे वळून, "वॉर्डातून मोठा पट्टा आणा."

मोठा पट्टा वॉर्डातल्या कुठल्याशा रुग्णासाठी वापरात होता. तो येईपर्यंत थांबायचं होतं. यशस्विनीला कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवलं. आणि तिथे, इतक्या आठवड्यांत प्रथमच, तिचं काळीज खरोखर धडधडायला लागलं. इतकं ठासून बोललो आपण. आता धडधडीनेच आकडा वर गेला तर? मॅडमना वाटेल, मोठं तोंड घेऊन आली होती. तळहातांना घाम सुटला. तिने तो कुर्त्याला पुसला.

मग तिला जांभई आली. मोठी, डोळ्यांत पाणी आणणारी. पाठोपाठ दुसरी. हे तिच्या ओळखीचं होतं. दर कुस्तीच्या आधी, नाव पुकारलं जाण्याच्या जरा आधी तिला अशाच जांभया यायच्या, आणि उस्ताद म्हणायचे, पैलवानाला जांभई आली की समजावं अंग तयार झालं. तिने पाठ टेकली, पाय सरळ जमिनीवर ठेवले आणि जांभया येऊ दिल्या.

"झोप येतेय?" मॅडमनी विचारलं.

"नाही, मॅडम. तयार आहे."

पट्टा आला. या वेळी मॅडमनी तो स्वतः बांधला. तो दंडाभोवती पूर्ण वेढा घेऊन नीट बसला. हवा भरली, उतरली.

"एकशे चोवीस, अठ्ठ्याहत्तर," मॅडम म्हणाल्या. त्यांनी दुसऱ्या हातावर बघितलं. एकशे बावीस. मग तिला खोलीबाहेर चक्कर मारून यायला सांगितलं आणि पुन्हा बघितलं. फरक नव्हता. त्यानंतर हृदयाचा आलेख काढून झाला, रक्त-लघवीचे रिपोर्ट आले. हे सगळं होईपर्यंत दुपार कलली होती. शेवटी मॅडमनी कागद पुढे ओढला, सही केली आणि म्हणाल्या, "फिट." पट्ट्याकडे बोट दाखवून त्यांनी जवानाला सांगितलं, "हा असाच एक या खोलीत राहू दे. पैलवान मुली आणखी येतील."

यशस्विनीने त्यांना सॅल्यूट ठोकला. अजून कोणी शिकवला नव्हता, त्यामुळे जरा वाकडाच गेला. मॅडमनी हसू दाबलं.

बाहेर पूजिता बाकावरच होती. तिला एक रात्र रुग्णालयात ठेवून घेणार होते. चोवीस तास मशीन लावून बघायचं ठरलं होतं. "रात्रभर पट्टा!" ती रडवेली झाली.

"अगं, चांगलंच आहे की. झोपेत काय भिणार आहेस तू? खरं बीपी आपोआप बाहेर येईल." यशस्विनीने तिला आपला फोन नंबर दिला, जवळची केळी दिली आणि वर बजावून सांगितलं, "भिंत विसरू नकोस."

मनोहरराव फाटकाजवळच्या झाडाखाली उभे होते. सकाळपासून त्यांनी चहासुद्धा घेतला नव्हता. मुलगी जवळ येईपर्यंत त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं. मग बघितलं आणि सगळं समजले.

"मागितलास?"

"मागितला."

"रागावले?"

"नाही. स्वतः उठून बांधला."

मनोहररावांनी खिशातून रुमाल काढला, नाक शिंकरलं, रुमाल घडी करून परत ठेवला. "चल," ते म्हणाले, "आधी काहीतरी खाऊ. पोटात कावळे ओरडतायत."

समोरच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलात, उभ्या उभ्या दोघांनी दोन-दोन मसाला दोसे खाल्ले. घरी फोन लावला तर आत्याने तो आईच्या हातातून ओढून घेतला आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने "आयतु! झालं!" असं ओरडली. मागे आई रडत होती की हसत होती, फोनवर नीट कळलं नाही.

संध्याकाळच्या बसमध्ये दोघांना शेजारी जागा मिळाली. यादी लागायला अजून वेळ होता, आणि यादीत कोण वर, कोण खाली, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. यशस्विनीला त्याची चिंता वाटत नव्हती. धावणं झालं होतं, पेपर झाला होता, अंग तपासून झालं होतं; आपल्या हातात होतं ते सगळं केलं होतं. चन्नपट्टण मागे पडलं तसा फोन वाजला. पूजिताचा मेसेज होता. 'मशीन लावलं. भिंत बघतेय. भिंतीवर पाल आहे.' यशस्विनी एकटीच हसली आणि तिने लिहिलं, 'पालीला बीपी नसतं. झोप.'

तिने वडिलांना दाखवायला मान वळवली. मनोहरराव, जे कुठल्याही बसमध्ये डोळ्याला डोळा लावत नसत, तिच्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपले होते. इंजिन मधेच कसला तरी खरखरीत आवाज करत होतं. त्यांना उठवायचं तिच्या मनात आलं नाही. तिने खांदा थोडा खाली केला, त्यांची मान नीट टेकवली आणि मंड्याचे दिवे येईपर्यंत बाहेरच्या उसाच्या शेतांकडे बघत राहिली.